पायवाट तलाठ्याच्या नकाशात आहे

जून उजाडला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर ट्रेकच्या जाहिराती फिरू लागतात. शनिवारी रात्री नऊ-दहाला बस निघणार, रविवारी पहाटे गडाचा पायथा, दुपारपर्यंत माथा, सोमवारी उजाडता घरी. राजगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड ही नावे ठरलेली. बस भरतात, वेळेला दुसरी लावावी लागते, आणि मग बोलले जाते की सोलापुरात ट्रेकिंगचे वेड वाढले. वाढले असेलही. पण इथे मोजल्या जातात त्या बसच्या सीटा. त्या बसमधला माणूस पुढच्या रविवारी काय करतो, त्याच्या पुढच्या रविवारी काय करतो, हे कुणी विचारत नाही. पावसाळा सरला की यांतले बहुतेक पाय पुन्हा स्कूटरवर येतात.

प्रौढ माणसाने हौसेने, नियमित, मोकळ्या रानात चालावे असे वाटत असेल तर त्याला गड दाखवून भागत नाही. घराच्या उंबऱ्यापासून चालण्याची वाट किती लांब सुरू होते, यावरच तो वर्षातून एकदा चालणार की चाळीसदा हे ठरते. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर आणि राजगडाचा पायथा त्याच्याही पुढे. एवढ्या लांबची वाट सवयीची होऊ शकत नाही. आणि शहराच्या पंचवीस किलोमीटरांत वाटा नाहीत असेही नाही. त्या गाव नकाशांवर रीतसर काढलेल्या आहेत, जमिनीवर मात्र बुजल्या आहेत. महापालिका, जिल्हा परिषद आणि वनविभाग यांनी ट्रेकच्या सोहळ्यांवर आणि तळ्याकाठच्या फरशांवर खर्च करण्याआधी या वाटा मोकळ्या कराव्यात, अशी या लेखाची मागणी आहे.

आधी आकड्यांचे बघू, कारण या विषयात आकडे फार सहज फसवतात. अमेरिकेत बाहेरच्या मोकळ्या हवेतल्या छंदांची दरवर्षी पाहणी होते. २०२३ मध्ये असे काही ना काही करणारे १७ कोटी ५८ लाख लोक निघाले. तो तोवरचा उच्चांक होता. त्यांत डोंगर-रानात चालणारेच सहा कोटींच्या आसपास. पण त्याच पाहणीने हेही नोंदवले की माणशी फेऱ्या घटत चालल्या आहेत. डोकी वाढली, पावले कमी झाली. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी क्रीडा पाहणीत साधे हौशी चालणे आणि झाडी-रानातले चालणे यांचे वेगवेगळे रकाने असतात आणि वर्षातून कितीदा, हेही विचारतात. त्यामुळे तिथे ‘वाढले’ म्हणताना काय वाढले ते सांगता येते. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या वेळ-वापर पाहणीच्या मोठ्या गटांत संस्कृती, फुरसत, प्रसारमाध्यमे आणि खेळ एकाच पंगतीला बसतात. मथळ्यात येणाऱ्या आकड्यापुरते बोलायचे तर टीव्हीसमोर बसलेला आणि माळावर दहा किलोमीटर तुडवून आलेला, दोघे एकाच खात्यात.

२०२४ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. सन २००० मध्ये एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीची. श्रावणातला एक गड या हिशेबात एका आठवड्यापुरता जमा होतो, बाकी एक्कावन्न आठवडे कोरे.

पण सोलापूरकराला चालता येत नाही, असे कुणी म्हणू नये. कोजागरीच्या आसपास तुळजापूरच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. पंचेचाळीस किलोमीटर. शहरातून आणि पलीकडे कर्नाटकातून निघालेले लोक रात्रभर वाहत असतात. पोरे असतात तशा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकाही असतात, आणि अवजड वाहने दुसऱ्या मार्गाने वळवावी लागतात. अक्कलकोटची चाळीसेक किलोमीटरची वाट पायी करणारे आहेत. आषाढीला माळशिरस, वेळापूर, वाखरीवरून जाणाऱ्या पालख्या याच जिल्ह्यातल्या. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांना फेरी होते, तीही पायीच, खांद्यावर ओझे पेलत. देशातल्या कुठल्याही ‘हायकिंग’ पाहणीत हे लोक मोजले जाणार नाहीत, कारण त्यांच्या पाठीवर सॅक नसते. हौस आणि श्रद्धा एक नाहीत, हे मान्य. पण पायांना तो फरक कळत नाही. पंचेचाळीस किलोमीटर रेटणारे शहर दहा किलोमीटरला घाबरते, हे कारण पटण्यासारखे नाही.

या पदयात्रांतून शिकण्यासारखे जे आहे ते चुकांतूनच दिसते. तुळजापूरच्या वाटेवर पंधरा ते पंचवीस किलोमीटरच्या दरम्यान पाय जातात. कारण सरळ आहे. वर्षभर सराव नाही, पायांत चप्पल किंवा आदल्या दिवशी घेतलेले नवे बूट, आणि दिवसभर तापलेले डांबर रात्रीही ऊब सोडत असते. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते, ती टाचेवर आणि चवड्यावर घासून तिचे थर एकमेकांपासून सुटतात, मधे पाणी भरते आणि फोड येतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून त्याने काम बिघडतेच. जाड विणीचा कृत्रिम धाग्याचा मोजा, दर दहा-बारा किलोमीटरला बदलायला दुसरा जोड, आणि चुरचुरायला लागताच, म्हणजे फोड यायच्या आधी, त्या जागी चिकटपट्टी. एवढ्यावर निम्मे लंगडणे टळते. मांड्या घासतात तिथे व्हॅसलिन. आलेला फोड फोडून वरची कातडी काढणे हा सर्रास चालणारा आणि सर्वांत वाईट उपाय.

पाण्याचेही तसेच. घामाबरोबर मीठ जाते आणि माणूस नुसते पाणी ढोसत राहतो. मग डोके जड होते, मळमळते, बोटे सुजल्यासारखी वाटतात, आणि शेजारचा आणखी पाणी पाजतो. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) एक लिटरसाठीची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, अर्ध्या बाटलीत नाही. खरे तर चालणाऱ्याची शिदोरी सोलापूरने आधीच तयार ठेवली आहे. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, उन्हात आंबत नाही, वजनाला हलकी, आणि तिच्याबरोबरच्या शेंगा चटणीत मीठही आहे, तेलही आहे. महागड्या एनर्जी बारमध्ये याहून वेगळे फार काही नसते.

तर वर्षातली ती एक रात्र सोडली की हे पाय कुठे जातात? सिद्धेश्वर तलावाकाठी, कंबर तलावाकाठी, विजापूर रस्त्यावरच्या वनविहारात, होम मैदानावर. या जागा हव्याच. पहाटे तिथे जी गर्दी असते ती या शहराला चालायचे आहे याचा पुरावा आहे. पण ठरीव गोल फेरीला मर्यादा असते. त्याच चार फेऱ्या, पायाखाली सपाट फरशी, अर्ध्या तासात संपणारे काम. घोट्याचे आणि नडगीचे स्नायू उंचसखल जमिनीवरच कामाला लागतात, फरशीवर ते झोपलेले राहतात. म्हणून रोज तळ्याला पाच फेऱ्या मारणारा माणूस गडाच्या उतरणीवर गुडघे धरून बसतो. आणि फरशी म्हणजे विकास ही समजूत इतकी पक्की झाली आहे, की मातीची चांगली दाबलेली वाट दिसली की तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा नंबर लागला. त्यानंतरच्या दहा वर्षांत शहराबाहेर पडणारी एखादी पायवाट आखावी असे कुणाला सुचले नाही.

आता आक्षेप येतो की इथे पाहायला आहेच काय. डोंगर नाही, धबधबा नाही, धुके नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने माळ फक्त मे महिन्यात आणि तोही गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो.

सोलापूरचे रान दोन जमिनींचे आहे, आणि कुठल्या महिन्यात कुठे चालायचे हे त्यांवर ठरते. उंचवट्यांवर मुरूम, सखलात काळी. मुरमावर पाऊस पडून गेला की तासा-दोन तासांत वाट चालण्याजोगी होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला असा गारा धरते की शंभर पावलांत एकेक पाय किलोभर जड होतो, वेग निम्म्यावर येतो, घसरून गुडघा मुरगळतो ते वेगळेच. म्हणून जुलै ते सप्टेंबर मुरमाड माळ, आणि काळ्या रानाच्या वाटा ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात माळावर पवना, मारवेल, कुसळी गुडघाभर उठते. त्यातून काळविटांचा कळप पळताना एकदा पाहिला की धबधब्याची आठवण येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळे पिकतात. ती मोज्यातून आरपार शिरतात, ओलावा लागला की पिळे घेत आणखी आत जातात. तेव्हा पोटरीवर कापडी पट्टी गुंडाळावी किंवा पँटचा शेव बुटावरून घट्ट बांधावा. हिवाळ्यात काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी, जानेवारीत हुरडा. बाभूळ, हिवर आणि बोरीचे काटे मात्र बारमाही. पळण्याचे मऊ तळव्याचे बूट इथे कामाचे नाहीत, बाभळीचा काटा त्यातून सरळ वर येतो. टणक, जाड रबरी तळवा हवा. बाजारातल्या साध्या कामगार बुटांचा तळवा यासाठी उत्तम असतो, पण ते जड असतात हे ध्यानात ठेवावे.

आणि ‘पाहायला काय’ याला दुसरेही उत्तर आहे. दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. तिथवर मोटारीने जाऊन दहा मिनिटांत परत फिरणारे पुष्कळ. नदीकाठाने दोन गावे चालत तिथे पोचायची सोय नाही. माचणूरला भीमेच्या काठी देऊळ आणि किल्ला, तळे हिप्परग्याला इंग्रजांच्या काळात बांधलेला एकरुख तलाव आणि त्याचा लांबलचक बांध. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतला एकही आपल्याकडचा नाही. बरेच झाले म्हणायचे. इथल्या वाटांना अजून रांगा लागायच्या आहेत.

मूळ मुद्दा वाटेचा. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असतो. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. म्हणजे दोन गावांना जोडणारी चालण्याची वाट ही कल्पना आपल्या महसूल दप्तरात फार जुनी आहे. मग वाट गेली कुठे? विहिरीवर मोटर आली, मोटारसायकल आली, डांबरी सडक झाली, आणि पायी जाणारे थांबले. वापर थांबला की दर पेरणीला नांगराचा फाळ वीतभर आत सरकतो. दहा-पंधरा वर्षांत सव्वाआठ फुटांचा दीड फूट बांध उरतो, त्यावर बाभळी उगवतात, आणि मग कुणी विचारले तर ‘इथे कधी वाटच नव्हती’.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला स्थानिक संस्थांना भाग पाडले. आज तिथे अशा हक्काच्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या घरात आहेत, शेतांमधून, कुरणांमधून जाणाऱ्या. तिथल्या प्रौढांचे चालणे त्या जाळ्यावर उभे आहे. आपल्याकडे नकाशा आहे, कायदाही आहे, पण तो चालणाऱ्यासाठी केलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वाटेतला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, पण तो शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीसाठी. रविवारी हौसेने निघालेला शहरी माणूस त्याखाली दाद मागू शकेल असे समजू नये. म्हणून शेतकऱ्याला बाजूला ठेवून ही वाट उघडणार नाही. पाणंद, म्हणजे शेतांकडे जाणारी वाट, मोकळी व्हावी ही त्याचीच मागणी आहे. उसाची गाडी, मळणीयंत्र, डाळिंबाचे क्रेट बाहेर काढायला त्यालाच ती हवी असते. मातोश्री पाणंद रस्ते योजना त्यासाठीच २०२१ मध्ये आली. चालणाऱ्यांनी या मागणीच्या मागे उभे राहावे आणि एवढेच जोडून मागावे, की पूर्ण रुंदीत खडी-काँक्रीट न करता एका कडेला तीन फूट मुरूम दाबून सोडावा. खडीवर ट्रॅक्टर चालतो, माणसाचा घोटा चालत नाही.

एक वाट प्रत्यक्ष कशी उभी राहील ते सांगतो, म्हणजे हे काम केवढे लहान आहे ते दिसेल. एसटीच्या रस्त्यावरची दोन गावे धरायची, ज्यांच्यात रानातून आठ ते बारा किलोमीटर अंतर आहे. एका गावात उतरायचे, दुसऱ्या गावातून बस धरायची. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांच्या हद्दी पाहता येतात, पण जुन्या वाटांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी लागते. ती घेऊन तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) आणि कोतवाल यांच्याबरोबर एकदा पूर्ण वाट चालायची. कोतवालाला बुजलेली वाट नकाशापेक्षा जास्त आठवत असते. दर तीन-चार किलोमीटरला डांबरीकडे निघणारी पळवाट असलीच पाहिजे, कुणाचा पाय मुरगळला तर उचलून न्यायला. जिथे ओढा आडवा येतो तिथे पावसाळ्यातली पर्यायी वाट आधीच ठरवायची. नाहीतर पहिल्याच ऑगस्टात कुणीतरी वाहत्या पाण्यात उतरतो.

खुणा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पाटी लावली की ती वाकते, चोरीला जाते किंवा तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक चढतो. दगडावर रंगाचा पट्टा पुरतो. वीतभर लांब, चार बोटे रुंद, दर दोनशे मीटरला एक, आणि प्रत्येक फाट्यावर फाट्याच्या आधी एक व वळल्यावर लगेच एक. वळल्यावरचा पट्टाच लोक विसरतात, आणि चुकणारा तिथेच चुकतो. दोन्ही दिशांनी दिसायला हवेत म्हणजे दहा किलोमीटरला शंभर पट्टे, फाट्यांचे आणखी वीस-तीस. खडबडीत दगड रंग पितो हे धरूनही दीड-दोन लिटर ऑइलपेंटमध्ये हे होते. उन्हाने तो दोन वर्षांत उडतो, तेव्हा पुन्हा. पांढरा रंग घेऊ नये, चुन्याच्या हद्दीच्या खुणांत तो मिसळतो. पिवळा बरा. तारेचे कुंपण आडवे येत असेल तर तार कापायची नाही, शेतकऱ्याला विचारून दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे दगड रचून घ्यायचे. फाटकातून गुरे बाहेर जातील ही त्याची भीती खरी असते.

वेळेचा हिशेब असा. मुरमाड सपाटीवर प्रौढ माणूस तासाला साडेचार किलोमीटर जातो. दहा किलोमीटर, दोन विसावे धरून, पावणेतीन तास. सकाळची पहिली गाडी पकडून साडेसहाला गावात उतरलात तर सव्वानऊपर्यंत पुढच्या गावात चहा. हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर पाणी, ऊन चढले की पाऊण ते एक लिटर. मार्चच्या मध्यानंतर नऊच्या पुढे रानात राहू नये. एप्रिल-मे हे दोन महिने वाट बंदच समजावी. बेचाळीस-चव्वेचाळीस अंश तापमानात सावली नसलेल्या माळावर हौस करण्यात पुरुषार्थ नाही. उन्हाचा झटका बसलेला माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. घाम थांबण्याची वाट पाहत बसू नये. कपडे भिजवून वारा घालायचा, मानेला आणि काखेत ओले फडके, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही.

उन्हापेक्षा फसवी वीज. मेअखेर, जून आणि परतीच्या पावसातला ऑक्टोबर या दिवसांत दुपारनंतर ढग चढतात. उघड्या माळावर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते, आणि आसऱ्याला दिसते ते एकटे बाभळीचे झाड, म्हणजे नेमकी चुकीची जागा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावे, पण खरा उपाय बारा वाजण्याआधी गावात पोचणे हाच. साप चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको. हात किंवा पाय न हलवता थेट सिव्हिल हॉस्पिटल. मेंढपाळाची कुत्री हा रोजचा प्रश्न आहे. कळप आणि कुत्रे यांच्या मधून जायचे नाही, पळायचे नाही, थांबून धनगराला हाक मारायची. लांडग्याची भीती बाळगायचे कारण नाही. तो तुम्हाला दिसायच्या आधी निघून गेलेला असतो.

मात्र लांडग्याची, खोकडाची, चंडोलाची बाजू घेऊन येणारा आक्षेप गंभीर आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले, आणि आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. गवताळ रान म्हणजे पडीक जागा या समजुतीनेच माळढोक गेले. त्या रानात झाडे लावली, नांगर घातला, तारा ओढल्या. चालणाऱ्यांचे जथेही असेच नुकसान करू शकतात, कारण चंडोल, टिटवी, धाविक ही पाखरे जमिनीवर अंडी घालतात आणि पायाखाली येईपर्यंत घरटे दिसत नाही. म्हणून अभयारण्याच्या राखीव गवतातून एकही नवी वाट काढू नये. वनविभागाने परवानगी देऊ केली तरी घेऊ नये. नान्नज, मार्डी, कारंबा या पट्ट्यात गावांच्या जुन्या पाणंदी आहेत, त्याच धराव्यात, वाट सोडून गवतात शिरू नये, एका तुकडीत दहा-बाराच्या वर माणसे नसावीत. कुत्रा बरोबर नेणे तर अजिबात नको. सोळाशे लोकांचा ‘निसर्ग-वॉकेथॉन’, स्पीकर आणि टी-शर्टसह, माळावर भरवण्यापेक्षा न भरवलेला बरा.

बाई एकटी किंवा दोघीतिघी मिळून या वाटेने जातील का? माझ्या मते या साऱ्या योजनेची परीक्षा हीच आहे, आणि तिची जागा कुंभारी. अक्कलकोट रस्त्यावर शहराबाहेर विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, शेजारी रे नगर. तिथल्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. दिवसभर सूप मांडीवर घेऊन, पाठ वाकवून विड्या वळणाऱ्या बायकांना चालण्याची गरज आयटीतल्या पोरांपेक्षा जास्त आहे, आणि रान त्यांच्या दारात आहे. शनिवारी रात्रीच्या बसमध्ये त्या कधीच नसतात. रात्र बाहेर काढता येत नाही, माणशी हजार-दीड हजार परवडत नाहीत, आणि विडी नगावर मोजली जाते, म्हणजे सुटीचा दिवस हा पैसे बुडाल्याचा दिवस. त्यांना सोयीची वाट म्हणजे वसाहतीच्या टोकाला सुरू होणारी, तास-दीड तासात परत आणणारी, पाच-सहा किलोमीटरची, जिच्यावर मधे शेतवस्ती आहे, आणि जिथे सुरुवातीला आणि शेवटाला वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे. उजेडाचे खांब नकोत. गटाने निघायची ठरलेली वेळ हवी, कारण वाटेवर माणसे असणे हीच सुरक्षा. लांबच्या वाटेसाठी एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहेच, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट. म्हणजे वाहतुकीची सवलत सरकारने आधीच देऊन ठेवली, उतरल्यावर चालायची वाट तेवढी नाही.

मोजणीही याच वाटांवर करावी, आणि ती सोपी आहे. वर्षातून तीनदा, म्हणजे ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चच्या एका रविवारी व एका बुधवारी, पहाटे साडेपाच ते नऊ, वाटेच्या दोन्ही टोकांना आणि तुलनेसाठी कंबर तलावावर दोन-दोन विद्यार्थी बसवायचे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात बाई-पुरुष आणि अंदाजे वय. दर पाचव्या माणसाला तीनच प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत कितीदा आलात, घरून इथवर कसे आलात, किती वेळ लागला. चौथा प्रश्न घातला की लोक थांबत नाहीत. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला हे सहज झेपेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांत वाढले तर वाटेचा उपयोग झाला. नुसती डोकी वाढली आणि फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तर खुणा, बस किंवा वेळ यांपैकी काहीतरी चुकले आहे, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात सापडेल.

शेतकऱ्यांचा एक राग मात्र आधीच मिटवला पाहिजे. हुरड्याची चार कणसे, बोरे, एखादे डाळिंब ‘सहज’ तोडणारा माणूस स्वतःला चोर समजत नाही, पण त्याच्यासारखे पन्नास आले की बांधाकडेची ओळ संपते, आणि पुढच्या हंगामात वाटेवर काटेरी झाप पडतो. तो झाप हटवायला तहसीलदार कामाचा नाही. उलट वाटेवरच्या वस्तीवर पैसे देऊन हुरडा, ताक, धपाटे मिळायची सोय झाली तर तोच शेतकरी ऑगस्टात वाट चिखलाची झाली की फोन करून सांगेल.

सुरुवात तीन वाटांनी व्हावी: एक कुंभारीहून, एक हिप्परग्याच्या बांधावरून, एक मार्डीच्या बाजूची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचा, सप्टेंबरात रब्बीच्या पेरणीआधी हद्द दाखवून घ्यायची, कारण एकदा पेरणीची पाभर फिरली की शिमग्यापर्यंत त्या बांधाला हात लावता येत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, आणि परतीचा पाऊस थांबून दगड कोरडे झाले की दिवाळीच्या आत रंग.